दोन नंबरच्या शेडची अंडी

२ जून

किकेलोमोला घरी येऊन आज तीन आठवडे झाले. तेवढ्यात तिनं माझ्या मिठाच्या डब्याची जागा बदलली, माझ्या रेडिओचा आवाज कमी केला आणि आता माझ्या कोंबड्यांना कसावाच्या कंदाच्या साली खायला घालायच्या म्हणते. पाच वर्षं पशुविज्ञान शिकून मुलीनं घरी काय आणलं, तर साली. शेजारची सिकीराची आई जिथं कसावाचा रवा, म्हणजे गारी, भाजते त्या छपरामागं ढीग पडलेला असतो आणि त्यावर शेळ्या लोळतात, त्याच साली.

मका महाग झाला म्हणे. हे कळायला पदवी लागत नाही. तिचा बेत असा की अर्धा मका काढायचा आणि त्याजागी सालींचा भाजलेला भुगा आणि पामच्या बियांची पेंड घालायची. दोन्हीत तंतू फार, कोंबडीला ते पचत नाहीत. म्हणून एन्झाइमचं चूर्ण मिसळायचं. ते तंतू फोडतं आणि आत अडकलेलं अन्न कोंबडीच्या अंगी लागतं. हे सगळं ती मला समजावून सांगत होती. मला! एकतीस वर्षं मी या गावात जीवशास्त्र शिकवलं. निम्म्या गावानं एन्झाइम हा शब्द माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि उरलेल्या निम्म्यांनी ऐकूनही लक्ष दिलं नाही.

शेवटी मी अट घातली. एक नंबरच्या शेडमधल्या तीनशे कोंबड्यांना नेहमीचं खाद्य आणि दोन नंबरच्या तीनशेंना तिचं. ऑगस्टअखेर दोन्ही शेडची अंडी बरोबरीनं आली तर फार्म तिच्या हाती. नाही आली तर कोंबड्या विकायच्या, शेड सिमेंटच्या विटा पाडणाऱ्याला द्यायच्या आणि तिनं निमूटपणे इबादानच्या खाद्य कंपनीतली नोकरी धरायची. तिनं लगेच हो म्हटलं. तरुण माणसं फार लवकर हो म्हणतात.

५ जून

चूर्ण आलं. घेऊन आला लानरे. हा माझाच विद्यार्थी, जीवशास्त्रात शंभरपैकी चौतीस. आता टोकदार बूट घालून शेतकऱ्यांना विज्ञान विकतो. दारातच अर्धा वाकून नमस्कार केला. पूर्ण वाकला असता तर पँटची इस्त्री मोडली असती.

एक किलोचं पुडकं, वर रंगीत कोंबडा, आत पांढरट पीठ. महिन्याला अर्धा किलो लागतं, म्हणजे दोन महिन्यांची बेगमी. तंतू फोडणारं आणि स्टार्च फोडणारं अशी दोन्ही जातींची एन्झाइमं यात आहेत, असं लानरे घोकल्यासारखं म्हणाला. मी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं. मैदा. मी तसं बोलूनही दाखवलं. लानरे हसला. चौतीस गुणवाले दुसरं काय करणार?

तो गेल्यावर किकेनं पुडकं पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या कपाटात ठेवलं आणि मला सूचना दिल्या. "बाबा, याला ओल लागू द्यायची नाही आणि आच तर अजिबात नाही. साली भाजून पार गार झाल्या की मगच मिसळायचं. उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही ना, तसंच याचं."

उदाहरणसुद्धा माझंच. ती माझ्या वर्गात होती तेव्हा तिनं पेपरात लिहिलं होतं की उष्णता जितकी जास्त तितकं एन्झाइम जोरात. मास्तरची मुलगी म्हणून कोणी बोट दाखवू नये, यासाठी मी तिला सगळ्यांसमोर शंभर ओळी लिहायला लावल्या होत्या: उष्णतेनं एन्झाइम मरतं. चाळीस ओळी घाईनं लिहिल्या होत्या, त्या खोडून परत लिहायला लावल्या. घाईनं लिहिलेली ओळ मी कधीच मोजत नाही. तिची आई त्यावरून दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पण धडा पक्का झाला की नाही?

७ जून

सिकीराच्या आईकडून ईदचं मटण आलं. तिखट फार. तरी संपवलं, टाकवत नाही म्हणून.

तिच्या छपराखाली आजपासून सालींचं काम सुरू झालं. साली धुवायच्या, किसायच्या, पोत्यात भरून वर दगड ठेवायचे, पाणी निथळलं की चाळून मोठ्या तव्यावर भाजायच्या. म्हणजे गारीचीच सगळी सोंगं, फक्त माणसांऐवजी कोंबड्यांसाठी. बायकांनी किकेच्या चूर्णाला आतापासून जडीबुटी म्हणायला सुरुवात केली आहे. एकीनं विचारलं की गुडघेदुखीवर चालेल का.

१४ जून, शनिवार

किके काल जीवनसत्त्वांचं मिश्रण आणायला इबादानला गेली. दोन दिवस घरात शांतता आहे. रेडिओ हवा तेवढा मोठा लावला. बातम्या ऐकवत नाहीत म्हणून बंद केला.

तिचा तो डबा माझ्या कपाटात जुन्या वर्तमानपत्रांच्या जागी बसला होता. मी कालच डबा तिथून हलवला आणि त्यातलं पुडकं कोठीत नेऊन ठेवलं. वर्तमानपत्रं सतरा वर्षांची आहेत, ती कुठं जाणार? आज पहाटे पाऊस झाला आणि कोठीचं छप्पर गळलं. (ते शाकारायचं दोन वर्षं राहिलं आहे.) पुडक्याचा खालचा भाग भिजून गोळे झाले.

सिकीराची आई दर शनिवारी अकारा घेऊन येते, तशी आली होती. चवळीच्या वड्यांत इतकं तेल मुरवण्याची कला तिच्याकडेच आहे. मी पुडकं तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, सालींचा घाणा उतरला की तवा तापलेला असतोच, त्यावर हे परतून कोरडं करून आणा. तिनं पुडकं उलटसुलट करून पाहिलं. "मास्तर, किकेला विचारायचं का आधी?"

"किकेला मीच शिकवलंय," मी म्हटलं.

दुपारी पुडकं परत आलं. छान मोकळं झालं होतं, किंचित बदामी, आणि ताज्या गारीसारखा खमंग वास. डब्यात भरून डबा कपाटात ठेवला. किकेला सांगायची गरज नाही, उगाच आकांडतांडव करेल. मैदा तो मैदा, भाजला काय आणि न भाजला काय. घरात एका तरी माणसाचं डोकं वेळेवर चालतं हे बरं आहे.

अकारा आठ होते. सगळे संपले.

१७ जून

आज खाद्य कालवलं. किकेनं आधी चूर्ण मूठभर पेंडीत मिसळलं, ती मूठ बादलीभर भुग्यात, बादली घमेल्यात, घमेलं ढिगात. मी म्हटलं, चर्चमध्ये प्रसाद वाटतेस का? ती म्हणाली, प्रत्येक कोंबडीच्या वाट्याला आलं पाहिजे ना. डबा उघडल्यावर तिनं नाक जवळ नेलं आणि वास कसला म्हणून विचारलं. सालींचा, मी म्हटलं, सगळ्या घरालाच येतोय. खोटं नव्हतं ते.

३ जुलै

एक नंबर: दिवसाला आठ ट्रे, तीस अंड्यांचा एक. दोन नंबर: सात.

 मी फळ्यावर आकडे जरा मोठे काढले.

१० जुलै

एक नंबर आठ, दोन नंबर सहा. शिवाय दोन नंबरची विष्ठा चिकट झाली आहे. खालचा भुसा ओला, कोंबड्यांचे पाय बरबटलेले, अंडी माखलेली. किके सकाळपासून ओल्या फडक्यानं अंडी पुसत बसते. विद्यापीठात हे शिकवलं असावं.

जेवताना तिनं विचारलं की पुडक्याला मधल्या दिवसांत काही झालं होतं का. मी म्हटलं, तू ठेवलंस तिथंच होतं की. जेव्हा ती विचारत होती तेव्हा खरोखर तिथंच होतं. मग ती स्वतःच्याच वहीत खुणा करत राहिली. पेंडीत कवच्या जास्त आल्या का, साली कमी पिळल्या गेल्या का. इतकी खुळ्यासारखी मेहनत मी एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडून पाहिली नाही. परीक्षेला एवढी केली असती तर डॉक्टर झाली असती.

ताटातला भात तसाच टाकून उठली. मी झाकून ठेवला.

१५ जुलै

पाच. एक नंबर अजून आठ. मी जिंकतो आहे. का कोण जाणे, जेवण गोड लागत नाही. अकारातलं तेल बाधलं असणार.

१८ जुलै

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत लिहावा असा. सकाळी किकेनं मक्याची आंबट पेज केली, नेहमीपेक्षा घट्ट. मला वाटलं न्याहारी. तर तिनं ती कोमट होऊ दिली, दोन वाट्या भरल्या आणि एकीत डब्यातलं चिमूटभर चूर्ण घालून ढवळलं. माझा प्रयोग! मी वर्गात पेजेत मुलांना थुंकायला लावायचो. थुंकीतलं एन्झाइम स्टार्च फोडतं आणि पेज पाण्यासारखी होते. दरवर्षी एखादी मुलगी ओकायची, पण कोणी विसरायचं नाही.

तासभर दोघं वाट्यांसमोर बसून राहिलो. दोन्ही पेजा घट्टच्या घट्ट. चमचा उभा राहत होता. मी म्हटलं, "मैदा म्हणालो होतो की नाही?"

किकेनं दोन्ही वाट्यांतून पुन्हा चमचा फिरवून पाहिला. मी मात्र टोपी घातली आणि बाजाराकडे निघालो. खाद्यवाल्यांच्या ओळीत एकही दुकान सोडलं नाही. लानरे माझा विद्यार्थी आहे, मैदा विकतो, चौतीस गुण होते, सगळं सांगितलं. लोकांनी फार आवडीनं ऐकलं. एकानं बसायला खुर्ची दिली.

२१ जुलै

लानरे आला. आज वाकला नाही. बूट चिखलात भरलेले, पुसलेही नव्हते. बाजारात दोघांनी त्याचा माल परत केला होता. सिकीराच्या आईच्या छपराखाली सगळ्या बायका साली सोलत होत्या, तिथंच त्यानं आम्हाला गाठलं. पिशवीतून सीलबंद पुडकं काढलं, आमच्या डब्यातल्या पुडक्यावरचा आणि त्यावरचा बॅचचा क्रमांक एकच आहे हे किकेला दाखवलं आणि म्हणाला, "सर, पेज मागवा."

पेज आली. नव्या पुडक्यातली चिमूट पडली. सोललेल्या कसावाची एक टोपली भरेपर्यंत पेज पातळ झाली. लानरेनं वाटी कलती केली आणि ती चक्क पाण्यासारखी ओघळली. बायकांनी हात थांबवले.

"म्हणजे माल चांगला होता," लानरे म्हणाला. "इथं काहीतरी झालंय."

सिकीराची आई माझ्याकडे बघत होती. का बघत होती कळलं नाही. किकेनं आमचा डबा उघडला, नाकाशी नेला, आणि या वेळी बराच वेळ तसाच धरला. मग तिनं तव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"चूक माझीच आहे," ती लानरेला म्हणाली. "साली गरम असतानाच मी मिसळलं. घाई झाली. तुझ्याबद्दल जे बोललं गेलं ते मी बाजारात जाऊन निस्तरते."

बरं झालं, चूक कबूल करायला तरी शिकली. मी तिला तसं म्हटलंही. पोरांनी आपल्या चुकांची जबाबदारी घ्यावी, मी वर्गात नेहमी सांगायचो. लानरे नवं पुडकं तिथंच ठेवून गेला.

२२ जुलै

लिहिण्यासारखं काही नाही.

२३ जुलै

लिहिण्यासारखं काही नाही.

२५ जुलै

किकेनं इबादानला फोन करून नोकरी स्वीकारली. सोमवारी सकाळी सातची बस. मी म्हटलं, ऑगस्टअखेर अजून लांब आहे. ती म्हणाली, सहा आठवडे वाया गेले, उरलेल्या पाचांत कोंबड्या सावरून बरोबरीला येणार नाहीत, अट ती अट. विटावाल्याचा नंबर तिनं कागदावर लिहून फळ्याला टाचला. मिठाचा डबा जुन्या जागी ठेवला. त्या डब्याचा मला इतका संताप आला की मी तो उचलून परत तिच्या जागी ठेवला.

२६ जुलै, शनिवार

अकारा आला. खाल्ला नाही. सिकीराच्या आईला विचारलं, "त्या दिवशी ते पुडकं तव्यावर कोणी ठेवायला सांगितलं होतं?"

ती पदरानं हात पुसत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, तुम्हाला आठवत नसेल तर मलाही आठवत नाही."

"मला आठवतंय."

"मग मला कशाला विचारता? अकारा गार होतोय." आणि तिथंच ओट्यावर बसून राहिली, मी पहिला खाईपर्यंत. रिकामं भांडं न्यायचं असेल.

तर आता लिहितो. लाज वाटते, पण वहीशी खोटं बोलायचं तर वही कशाला? साली थंडच होत्या. किकेनं प्रत्येक घाण्यात हात घालून पाहिलं होतं, मी शेजारी उभा होतो. चूर्ण मारलं मी. एन्झाइम तव्यावर परतायला दिलं ते एकतीस वर्षं एन्झाइम शिकवलेल्या माणसानं. ठाऊक नव्हतं असं नाही. ते एन्झाइम असेल, चौतीस गुणवाल्याच्या पिशवीतून आणि माझ्याच मुलीच्या हातून खरी वस्तू घरात येईल, हे मला पटलंच नव्हतं. तिनं वासावरून ओळखलं, आणि माझ्याच विद्यार्थ्यासमोर मला वाचवलं. आणि मी तिला जबाबदारीवर भाषण दिलं! असला गाढव माझ्या वर्गात असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

दुपारी टोपी घालून बाजारात गेलो. तीच ओळ, तीच दुकानं. लानरेचा माल चोख आहे, मी तो तव्यावर भाजला, असं प्रत्येक दुकानात सांगितलं. मागच्या वेळेपेक्षाही आवडीनं ऐकलं लोकांनी. खुर्चीवाल्यानं परत खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सांगायला लावलं, कारण त्याचा मेहुणा आता आला होता. शेवटच्या दुकानात लानरेच उभा होता. त्यानं ऐकून घेतलं आणि अर्धा वाकला. मी म्हटलं, चौतीस नव्हते, सदतीस होते, मी तीन गुण कापले होते, अक्षरासाठी. तो म्हणाला, "माहीत आहे, सर."

किकेशी अजून बोललो नाही. दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. ती कपडे घडी करत होती. ती जाऊ नये असं मला वाटतं. हे वाक्य इथं सोपं आहे, दारात उभं राहून निघत नाही.

२७ जुलै, रविवार

चर्चहून आलो आणि व्हरांड्यात ही वही घेऊन बसलो.

उष्णतेनं एन्झाइम मरतं.
उष्णतेनं एन्झाइम मरतं.
उष्णतेनं एन्झाइम मरतं.

(पुढच्या दोन पानांवर अशाच आणखी एकतीस ओळी लिहिल्या. चौतिसाव्या ओळीला किके अंड्यांचे ट्रे घेऊन व्हरांड्यात आली.)

तिनं ट्रे खाली ठेवले आणि माझ्या खांद्यावरून वाचलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं. तरी बोललो. म्हटलं, "मी सांगितलं होतं तव्यावर ठेवायला. बाजारात कबूल करून आलोय."

"कळलं. खुर्चीवाला सांगत होता."

मग तिनं वही माझ्या हातातून घेतली, खिशातलं लाल पेन काढलं आणि एकेक ओळ तपासली. मी गुडघ्यावर हात ठेवून बसलो होतो, माझ्यासमोर बसायची तिची जशी पद्धत होती तसा. पंधरा ओळींवर तिनं काट मारली.

"घाईनं लिहिलेल्या मी मोजत नाही," ती म्हणाली. "एकोणीस झाल्या."

मी पेन उचललं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"आज नाही. रोज एक. नीट अक्षरात. मी तपासणार."

एक्क्याऐंशी उरल्या. रोज एक म्हणजे ऑक्टोबरचा मध्य होतो. नवीन पुडक्यावर कोंबड्या सावरायला तेवढे दिवस लागतीलच. हा हिशोब तिनं मुद्दाम केला की आपोआप जुळला, ते मी विचारलं नाही. उठलो, सतरा वर्षांची वर्तमानपत्रं कपाटातून काढली आणि सिकीराच्या आईला अकारा बांधायला देऊन आलो.

२८ जुलै

सातची बस गेली. दोन नंबर: पाच ट्रे.

उष्णतेनं एन्झाइम मरतं.

तपासलं. बाबा, 'झ' नीट काढा. कि.